जड पावलांचं युद्ध

'असॉल्ट सूट्स वाल्केन' सुरू केल्यावर पहिल्या दोन मिनिटांत तुमची एकच तक्रार असेल: हे यंत्र ऐकत नाही. पुढे जायचं बटण दाबलं की ते चालतं, पण एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखं. उडी मारली तर वर जाताना जोर लावावा लागल्यासारखं वाटतं आणि खाली येताना धप्प आवाज होतो. नेम धरायचा तर त्याचा हात हळूहळू वर सरकतो. तोवर समोरच्यानं दोन गोळ्या घातलेल्या असतात. मोबाइल गेमवर वाढलेल्या बोटांना हा चक्क बिघाड वाटू शकतो.

माझं म्हणणं असं आहे की, 1992 सालच्या या जपानी गेमला युद्धाबद्दल जे सांगायचंय, त्यातलं सगळ्यात मोलाचं या जडपणातच आहे. कथा, संवाद, चेहरे हे सगळं त्याच्या मागून येतं. हे म्हणणं नुसतं मांडून मोकळं व्हायची गरज नाही, ते तपासूनही पाहता येतं. कारण या गेममधून काही वर्षं चेहरे आणि संवाद खरोखरच काढून टाकले गेले होते. तेव्हा मागे काय उरलं, हे आपल्याला बघता येतं.

आधी ओळख करून देतो. हा गेम डिसेंबर 1992 मध्ये जपानमध्ये सुपर फॅमिकॉमवर आला. जपानबाहेर याच यंत्राला सुपर निन्टेन्डो म्हणतात. बनवणारी कंपनी एनसीएस, तिच्या गेमवर छाप असायची 'मासाया' या नावाची. त्याआधी 1990 मध्ये याच कंपनीनं मेगा ड्राइव्हवर 'असॉल्ट सूट लेनॉस' काढला होता. वाल्केन हा त्याचाच भाऊबंद. पात्रांचे चेहरे सातोशी उरुशिहारा यांनी काढलेले, संगीत मासानाओ आकाहोरी यांचं. रचना साधी आहे. स्क्रीन बाजूला सरकत जाते, तुमचं यंत्र त्यातून चालत, सरपटत, उडत, गोळ्या झाडत पुढे जातं. या यंत्राच्या आत माणूस बसलेला आहे. अशा, आत बसून चालवायच्या अवाढव्य यंत्रांना जपानी चित्रकथांच्या दुनियेत 'मेका' म्हणतात.

गोष्ट बाविसाव्या शतकातली. जमिनीतलं तेल संपत आलंय, चंद्रावर हक्क कुणाचा यावरून भांडण आहे आणि जग दोन बलाढ्य गटांत विभागून लढतंय. तुम्ही जेक. एका गटाचा साधा वैमानिक. जगाला वाचवणारा निवडलेला वीर वगैरे कुणी नाही. हुकूम येतो, तुम्ही उतरता, लढता, परत येता, पुढचा हुकूम येतो.

*

मेकाच्या गोष्टींचे ढोबळमानानं दोन काळ सांगता येतील. 1972 मध्ये गो नागाई यांचा 'माझिंगर झेड' आला आणि मुलगा आत बसून राक्षसी यंत्र चालवतोय ही कल्पना रुजली. ते यंत्र म्हणजे जवळपास देवच होतं. संकट आलं की त्यानं यायचं, शत्रूला चेचायचं आणि जायचं. मग 1979 मध्ये योशियुकी तोमिनो यांचं 'मोबाइल सूट गंडम' दूरचित्रवाणीवर आलं. त्यात यंत्र हे लष्करी सामान झालं. त्याला दुरुस्ती लागते, दारूगोळा संपतो, कारखान्यात त्याच्यासारखी आणखी बनतात. मुख्य म्हणजे समोरच्या यंत्रातही माणूस बसलेला असतो, आणि त्यालाही घरदार असतं. पहिल्या प्रसारणात प्रेक्षक फारसे मिळाले नाहीत, म्हणून ही मालिका ठरलेल्या 52 ऐवजी 43 भागांतच आटोपावी लागली. पण पुनःप्रसारणं आणि प्लास्टिकची जोडायची मॉडेलं यांच्या जोरावर ती पुढे इतकी गाजली की तिच्यानंतर मेकाची गोष्ट पूर्वीसारखी राहिलीच नाही.

वाल्केन या दुसऱ्या घराण्यातला आहे. पण दूरचित्रवाणीवरच्या मालिकेला जे सांगावं लागतं, ते गेमला करून घेता येतं. 'हे यंत्र जड आहे' असं मालिकेत एखादं पात्र म्हणेल. गेममध्ये ते वजन तुमच्याच अंगठ्यावर पडतं.

हा फरक कळायला आपल्या ओळखीचा एक गेम घेऊ. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात ज्या घरांत टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, तिथे '64 इन 1' लिहिलेल्या कॅसेटमध्ये 'कॉन्ट्रा' हमखास असायचा. तुमच्या दादाला किंवा आत्याला विचारा. तोही बाजूला सरकणारा, गोळ्या झाडण्याचाच गेम. कॉन्ट्रातला सैनिक उडी मारली की हवेत गोल कोलांटी घेतो. त्याला वजनच नाही. दिशा बदलायची म्हटली की हवेतल्या हवेत बदलतो, बंदूक कुठेही वळवायची म्हटली की त्याच क्षणी वळते. एक गोळी लागली की मेला, आणि लगेच दुसरा जीव घेऊन वरून टपकला. कॉन्ट्रा फार सुंदर गेम आहे, आणि त्याचं सौंदर्य या हलकेपणातच आहे. त्यात मरणही हलकं, मारणंही हलकं. युद्ध तिथे मैदानी खेळासारखं आहे: दम लागेल, पण काही लागणार नाही.

गंमत म्हणजे कॉन्ट्रा काढणाऱ्या कोनामीनंच पुढे वाल्केन अमेरिकेत आणि युरोपात नेला. त्याकडे येतोच.

*

वाल्केनमधलं वजन कशाचं बनलंय? सुपर फॅमिकॉमचा मुख्य प्रोसेसर फार तर 3.58 मेगाहर्ट्झवर चालायचा. तुमच्या खिशातल्या फोनशी त्याची तुलनाही करता येणार नाही. एवढ्याशा ताकदीत खऱ्या अर्थानं वजन मोजणं शक्यच नव्हतं. तेव्हा बनवणाऱ्यांनी वजनाचा आभास वेळेतून उभा केला. चालायला लागताना किंचित उशीर. जमिनीवर आदळल्यावर हालचाल परत हातात यायला किंचित उशीर. हात वर-खाली फिरतो तो ठरावीक गतीनं. व्हल्कन तोफेची फेरी संपली की ती पुन्हा भरेपर्यंत थांबायचं. पाठीवरचा झोत तुम्हाला हवेत थोडा वेळ धरतो, मग सोडतो. यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे तुमची इच्छा आणि यंत्राची कृती यांच्यामधली छोटीशी फट आहे. वजन म्हणून आपल्याला जाणवते ती हीच फट.

मग अंतराळातला टप्पा येतो. तिथे पाय टेकायला जमीन नाही. झोत मारला की यंत्र सरकत राहतं, थांबवायचं तर उलटा झोत मारावा लागतो. जमिनीवर ज्याचा वैताग आला होता त्या जड पावलांची तिथे आठवण येते. जडपणा हा यंत्राचा दोष नसून त्या जगाचा नियम आहे, हे मला तिथे पहिल्यांदा पटलं. जागा बदलली की नियम बदलतो. तुमची सोय मात्र कुठेच नाही.

या फटींचा खेळणाऱ्यावर परिणाम होतो. बटण बडवत सुटता येत नाही. पुढच्या कोपऱ्यावर काय असेल याचा विचार आधी करावा लागतो, कारण तिथे पोचल्यावर मागे वळायला वेळ लागणार. ढाल पुढे धरायची की गोळी झाडायची, हे ठरवावं लागतं. सात-आठ मिनिटं झाली की खांदे आखडतात. शत्रूचं यंत्र फुटल्यावर मला आनंदापेक्षा सुटल्यासारखं वाटतं. मागे वळून पाहिलं तर भिंतींवर माझ्याच गोळ्यांच्या खुणा दिसतात. कॉन्ट्रा संपवल्यावर मी हुशार झालो असं वाटायचं. वाल्केनचा एखादा टप्पा संपवल्यावर पाळी संपवून घरी जाणाऱ्या कामगारासारखं वाटतं. सैनिकाचं काम हे बहुतेक वेळा ओझं वाहण्याचं काम असतं, हे या गेमनं भाषण न देता माझ्या हाताला सांगितलं.

हा गेम आला तो काळही ध्यानात घ्यायला हवा. 1991 च्या सुरुवातीला आखाती युद्ध झालं, आणि ते जगभरच्या लोकांनी टीव्हीवर पाहिलं. हिरवट रात्रीची दृश्यं, क्षेपणास्त्राच्या टोकावरून दिसणारी आणि मग अचानक पांढरी होणारी स्क्रीन. हे युद्ध व्हिडिओ गेमसारखं दिसतंय, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. त्या युद्धाच्या मुळाशीही तेल होतं. जपाननं सैन्य पाठवलं नाही, कारण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या त्यांच्या राज्यघटनेतलं नववं कलम युद्धाचा त्याग करतं. त्याऐवजी सुमारे 13 अब्ज डॉलर दिले. त्यावर नुसते पैसे देऊन सुटलात अशी टीका झाली, आणि देशात मोठा वाद पेटला. जून 1992 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिकार्यासाठी सैनिक पाठवायची मुभा देणारा कायदा तिथे मंजूर झाला. सहा महिन्यांनी वाल्केन आला: तेलावरून पेटलेलं युद्ध आणि दूर पाठवलेला एक सैनिक. खरं युद्ध गेमसारखं हलकं दिसू लागलं होतं त्या दिवसांत एका गेमनं युद्ध जड करून दाखवलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

*

आता त्या काटछाटीकडे येऊ. 1993 मध्ये कोनामीनं हा गेम 'सायबरनेटर' या नावानं अमेरिकेत विकायला आणला. जपानी आवृत्तीत लढाई चालू असतानाच खालच्या बाजूला सहकाऱ्यांचे, अधिकाऱ्यांचे चेहरे येतात आणि ते तुमच्याशी बोलतात. सायबरनेटरमध्ये हे चेहरे काढून टाकले. बोलणंही आटोपशीर झालं. आणि शेवटाकडचा एक प्रसंग पूर्ण गाळला. हरलेल्या शत्रुपक्षाचा राष्ट्राध्यक्ष त्या प्रसंगात स्वतःवर गोळी झाडून घेतो. निन्टेन्डोची अमेरिकी शाखा त्या काळी रक्त, धर्म, आत्महत्या असल्या गोष्टींबाबत फार सोवळी होती, तेव्हा यात नवल काही नाही.

तर प्रश्न असा: एवढं सगळं काढून टाकल्यावर काय उरलं? माझ्या मते निम्म्याहून जास्त उरलं. चेहरे नसलेला सायबरनेटर खेळलेल्या परदेशी खेळाडूंनी तो वर्षानुवर्षं लक्षात ठेवला तो त्या यंत्राच्या चालीसाठी. कात्री चित्राला लागते, वाक्याला लागते. हाताला जाणवणाऱ्या उशिराला कात्री कशी लावणार? उलट पुरावाही आहे. 2004 मध्ये प्लेस्टेशन 2 वर याच गेमची नवी आवृत्ती निघाली. नाव तेच, गोष्ट तीच. पण ती हाताला इतकी बेढब लागते की आजही ती फसलेल्या नव्या आवृत्त्यांचं उदाहरण म्हणून सांगितली जाते. गोष्ट काढली तरी गेम जगला. चाल बिघडवली तेव्हा गोष्ट असूनही मेला.

आपल्याकडेही हे घडलेलं आहे. 2021 मध्ये पबजीची भारतीय आवृत्ती म्हणून बीजीएमआय आला तेव्हा त्यात रक्ताचा रंग हिरवा केलेला होता, आणि मारण्याला 'किल' न म्हणता 'फिनिश' म्हटलं होतं. हे बदल पालकांच्या आणि सरकारच्या डोळ्यांसाठी होते. बोटांना त्यातलं काहीच कळलं नाही. नेम धरणं, गोळी झाडणं, पडलेल्याचं सामान उचलून पुढे पळणं, हे सगळं जसंच्या तसं चालू राहिलं. रक्ताचा रंग बदलणाऱ्यांना वाटतं की हिंसा डोळ्यांना दिसते तेवढीच असते. वाल्केन सांगतो की गेममधली हिंसा किती हलकी किंवा किती जड, हे हात ठरवतो.

तरीही 'निम्म्याहून जास्त' म्हणताना उरलेल्या भागाचं काय, हे टाळून चालणार नाही. मार्च 2023 मध्ये स्विचवर 'असॉल्ट सूट्स वाल्केन डीक्लासिफाइड' आला. जुने गेम जपून नव्या यंत्रांवर आणण्यात जपानच्या एम-टू कंपनीचा हात धरणारं कुणी नाही. हे कामही त्यांचंच. त्यात चेहरे परत आले, तो प्रसंग परत आला, आणि जपानी न येणाऱ्यांसाठी नवं इंग्रजी भाषांतरही आलं. तो खेळताना लक्षात आलं की वजन मला माझ्याच थकव्याबद्दल सांगत होतं. समोरच्याबद्दल ते काहीच सांगत नव्हतं. सैनिकाचे खांदे दुखतात हे कळण्यासाठी जड यंत्र पुरतं, पण त्या यंत्राच्या वाटेत आलेल्याचं काय झालं, हे कळायला चेहरा लागतो. राष्ट्राध्यक्षाच्या त्या प्रसंगात तुम्ही अवाढव्य यंत्रात बसून आलेले असता आणि समोर एक म्हातारा माणूस असतो. तुमच्या एवढ्या हत्यारांपैकी एकाचाही तिथे उपयोग नसतो. संपूर्ण गेममध्ये शत्रू माणसाच्या आकारात ठसतो तो इथे. हा प्रसंग गाळला की युद्ध म्हणजे दोन्हीकडून यंत्रंच यंत्रं, आणि दमलेले फक्त आपण. कोनामीच्या कात्रीनं खरं नुकसान केलं ते इथे.

*

आता या गेममधली मला सगळ्यात छळणारी गोष्ट सांगतो. वाल्केनमध्ये एक लपवलेलं हत्यार आहे. ते मिळवायचा मार्ग असा: पहिल्या टप्प्यात शेवटच्या मोठ्या शत्रूपर्यंत कुणालाही मारायचं नाही. एकही यंत्र फोडायचं नाही. गोळ्या अंगावर घ्यायच्या, ढाल धरायची, चुकवत पुढे जायचं.

हे करून पाहा, कारण त्यानं पहिल्या टप्प्याचं रूपच पालटतं. एरवी जी यंत्रं म्हणजे निशाणं होती, त्यांच्या हालचाली आता नीट बघाव्या लागतात. हा कुठून येतो, किती वेळ थांबतो, कधी वळतो. जड यंत्र घेऊन कुणालाही इजा न करता वाट काढणं हे लढण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. दहा-बारा वेळा प्रयत्न केल्यावर ते जमतं, आणि तेव्हा झालेला आनंद खरा असतो. मग बक्षीस हातात पडतं. त्याचं नाव आहे नॅपाम.

नॅपाम म्हणजे अंगाला चिकटून जळत राहणारं इंधन. ते 1942 मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात तयार झालं. 9 आणि 10 मार्च 1945 च्या रात्री अमेरिकी बी-29 विमानांनी टोकियोवर नॅपाम भरलेले बॉम्ब टाकले. लाकडी घरांचं शहर पेटलं आणि एका रात्रीत सुमारे 1 लाख माणसं मेली. पुढे व्हिएतनाममधल्या छायाचित्रांमुळे हा शब्द जगाला माहीत झाला. पण टोकियोनं त्याची आग आधीच अंगावर घेतलेली होती. त्याच देशातल्या एका गेममध्ये, कुणालाही न मारल्याचं बक्षीस म्हणून ही आग तुमच्या हातात दिली जाते.

हा कडवट विनोद मुद्दाम केलेला आहे असं मानायचा मोह होतो. ज्यानं संयम दाखवला त्याच्याच हातात सगळ्यात क्रूर हत्यार द्यावं, कारण शस्त्रं वाटणारे नेहमी 'जबाबदार हातांत' म्हणूनच ती देतात. हा अर्थ सुंदर आहे, पण गेम त्याला साथ देत नाही. नॅपाम मिळाल्यावर कुणी चकार शब्द काढत नाही, ते वापरल्यावर काही बिघडत नाही. यादीत एक हत्यार वाढतं, एवढंच. त्या काळच्या गेमची रीतच होती, की अवघड काम केलं की मोठं हत्यार द्यायचं. वाल्केननं चालण्या-उडण्याची जुनी रीत मोडली, बक्षिसाची मात्र पाळली. पायांना युद्धाचं वजन कळलं होतं, बक्षीस देणाऱ्या हाताला कळलं नाही.

म्हणून मी वाल्केनला युद्धविरोधी गेम म्हणणार नाही, चाहते कितीही म्हणोत. युद्ध नको असं तो कुठेच ठामपणे म्हणत नाही. युद्ध जड असतं, इतकंच तो म्हणतो, आणि तेही बहुतांशी आपल्या बाजूच्या सैनिकापुरतं. पण तेवढं म्हणणंही थोडं नाही. आज आपल्या फोनवर जी युद्धं आहेत त्यांत पडायला, उठायला, मारायला काहीच वेळ लागत नाही, आणि ती बनवणाऱ्यांना ही फट म्हणजे निस्तरायचा दोष वाटतो. तीस वर्षांपूर्वी एका छोट्या कंपनीनं ती फट जपून ठेवली, कारण विचार करायला जागा तिथेच होती.

खेळायचा असेल तर काचेवर बोटं घासत खेळू नका. वजन कळायला खाली दबणारं, परत वर येणारं खरं बटण लागतं. एखाद्या मित्राकडे स्विच असेल तर एक संध्याकाळ मागून घ्या. पहिला टप्पा दोनदा खेळा. एकदा दिसेल त्याला मारत, एकदा कुणालाही न मारता. मग मिळालेलं नॅपाम वापरायचं की यादीत तसंच पडू द्यायचं, ते तुम्ही ठरवा. माझ्या यादीत ते अजून तसंच आहे.